अल्प भांडवलाचा भयपट

भय उत्पन्न करण्यास द्रव्य किती लागतें? अमेरिकेंतील पिट्सबर्ग येथील जॉर्ज रोमेरो व त्याचे सहकारी यांनीं सन १९६८ मध्यें 'नाईट ऑफ द लिव्हिंग डेड' हा चित्रपट सुमारें १,१४,००० डॉलरांत पुरा केला. शेतावरचें एक ओसाड घर, कृष्णधवल फिल्म आणि रक्ताऐवजीं चॉकलेटचा पाक, अशी त्यांची सामग्री! परंतु ह्या दारिद्र्यानेंच चित्रपटाला वार्तापटाचें रूप दिलें, आणि तो खरा वाटूं लागला. रात्रभर प्रेतांशीं झुंजून वांचलेला कृष्णवर्णी नायक शेवटीं मदतीस आलेल्यांच्याच गोळीला बळी पडतो. असा शेवट करण्यास मोठ्या भांडवलाचा धनी सहसा धजत नाहीं.

दोषही उघड आहेत. दुय्यम पात्रांचा अभिनय कच्चा आहे. नायिका बहुतेक वेळ निश्चेष्ट बसून राहते. सर्वांत महाग पडली ती एक हयगय. चित्रपटाचें नांव बदलतांना स्वामित्वहक्काची ओळ गळली, आणि तो कोणासही फुकट दाखवितां येऊं लागला. कर्त्यांचें उत्पन्न बुडालें. कीर्ति मात्र दूरवर पसरली. सन १९९९ मध्यें अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट-नोंदवहींत त्याला स्थान मिळालें.

तात्पर्य, पैशाची उणीव कल्पकता भरून काढते. हयगयीची उणीव मात्र कीर्तीलाही भरून काढतां येत नाहीं.