न दुखणारे डोळे



शरीराचा एखादा अवयव बिघडला की तो दुखतो, आणि दुखला की आपण डॉक्टरांकडे धाव घेतो. दात, पोट, सांधे यांच्या बाबतीत हा नित्याचा अनुभव बहुधा खरा ठरतो. डोळ्यांच्या बाबतीत मात्र तो फसवा आहे. जे विकार डोळे लाल करतात, खुपतात आणि साऱ्या घराला काळजीत टाकतात, त्यांतील बरेचसे आठ-पंधरा दिवसांत बरे होतात. उलट, जे विकार माणसाला कायमचे अंध करतात, त्यांतील अनेक चोरपावलांनी येतात आणि एक दिवसही दुखत नाहीत. तेव्हा दुखण्यावर विसंबून डोळ्यांची काळजी घेता येत नाही, एवढी एकच गोष्ट आज मला आपल्यापुढे मांडावयाची आहे.

प्रथम दिसणाऱ्या व खुपणाऱ्या विकारांकडे वळू. डोळे येणे हा त्यांतील सर्वांच्या परिचयाचा. डोळा लाल होतो, पाणी गळते, सकाळी पापण्या चिकटतात. याचे कारण बहुधा विषाणू असतात, क्वचित जीवाणू. विषाणूजन्य साथीत औषधाचे काम थोडेच असते. स्वच्छ पाण्याने पापण्या पुसाव्यात, थंड घडी ठेवावी, आणि रोग्याचा रुमाल, टॉवेल व उशी इतरांनी वापरू नये. साथ पसरते ती हातांनी. नुसते रोग्याकडे पाहिल्याने डोळे येतात ही समजूत निराधार आहे. पापणीच्या कडेला येणारी रांजणवाडी ही पापणीतील बारीक ग्रंथीला झालेली सूज होय. दिवसातून तीन-चार वेळा कोमट पाण्याच्या घडीने शेकले असता ती बहुधा ओसरते. ती पिळून फोडू नये. खुपरी हा विकार एके काळी आपल्या देशातील अंधत्वाचे मोठे कारण होता. त्यात पापणीच्या आतील बाजूस व्रण पडतात, पापणीचे केस आत वळतात आणि बुबुळावर घासत राहतात. स्वच्छ पाणी, स्वच्छ चेहरा आणि योग्य औषधे यांच्या बळावर हा रोग हटला, आणि सार्वजनिक आरोग्याची समस्या या नात्याने भारतातून तो नाहीसा झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने 2024 मध्ये मान्य केले.

परंतु प्रत्येक लाल डोळा निरुपद्रवी नसतो. लालीबरोबर नजर अंधुक झाली, उजेड मुळीच सहन होईना, तीव्र वेदना होऊ लागल्या किंवा बुबुळावर पांढरा ठिपका दिसला, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठावा. कापणी-मळणीच्या दिवसांत भाताचे तूस किंवा धाटाचे पाते डोळ्याला लागते. जखम बारीक असते, पण तीतून बुरशीचा शिरकाव झाला की बुबुळावरील पारदर्शक पडद्यावर व्रण होतो आणि तो भरून आला तरी मागे पांढरा डाग उरतो. यालाच आपण फूल पडणे म्हणतो. अशा डोळ्यात मध, दूध किंवा पाल्याचा रस घालणे म्हणजे जखमेत नवे जंतू सोडणे होय. चुन्याची पुडी किंवा नळी मुलांच्या हातात फुटून चुना डोळ्यात उडतो, तेव्हा तर डॉक्टरांची वाटही पाहू नये. आधी अर्धा तास सतत पाणी ओतून डोळा धुवावा, पापणी उलटून अडकलेले कण काढावेत आणि मगच रुग्णालयाचा रस्ता धरावा.

येथे औषधांच्या दुकानाविषयी दोन शब्द सांगणे प्राप्त आहे. काही मुलांचे डोळे दर उन्हाळ्यात खाजतात व लाल होतात. कोणी तरी स्टिरॉइडचे थेंब देतो, दोन दिवसांत खाज थांबते आणि मग तीच बाटली पुनःपुन्हा विकत आणली जाते. हे थेंब योग्य रोगात, योग्य देखरेखीखाली मोलाचे आहेत. पण महिनोन्‌महिने मनाने घातले तर ते डोळ्यातील दाब वाढवतात, मोतीबिंदू आणतात, आणि बुरशीचा व्रण असल्यास तो भडकवतात. खाज थांबल्याचे समाधान घरात असते, आणि मुलाची दृष्टी आतल्या आत जात असते.

आता मुलांच्या मूक विकारांचा विचार करू. मूल आपल्याला कमी दिसते अशी तक्रार करीत नाही, कारण स्पष्ट दिसणे म्हणजे काय हे त्याला ठाऊकच नसते. फळ्यावरचे उतरवून घेण्यासाठी ते पुढे सरकते, डोळे बारीक करते, मान तिरपी ठेवते. आणि आपण त्याला अभ्यासात कच्चे ठरवतो. चष्म्याने डोळे अधिक कमजोर होतात, ही समजूत खोटी आहे. मुलीला चष्मा लागला तर लग्न जमणार नाही म्हणून तिला तो न देणे, हा तर तिच्या शिक्षणावर घातलेला घाव होय. लघुदृष्टी टाळण्यासाठी मुलांनी रोज काही वेळ, शक्यतो दोन तास, मोकळ्या उजेडात खेळावे, हे अलीकडील संशोधनाने दाखवून दिले आहे.

तिरळेपणाला काही घरांत शुभ लक्षण मानतात, तर काही घरांत वय वाढले की तो आपोआप जाईल म्हणून सोडून देतात. जन्मानंतरच्या पहिल्या तीन-चार महिन्यांत नजर अधूनमधून ढळणे स्वाभाविक आहे, त्यानंतर नाही. पाहणे ही क्रिया मेंदूला शिकावी लागते. एक डोळा तिरका असला किंवा त्याचा नंबर फार वेगळा असला, तर मेंदू त्याच्याकडून येणारे चित्र नाकारू लागतो आणि वरून निरोगी दिसणारा तो डोळा मंद होतो. उपचार साधा आहे: योग्य चष्मा, आणि चांगला डोळा रोज काही तास झाकून मंद डोळ्याला कामाला लावणे. पण हे शिक्षण सात-आठ वर्षांच्या आत उत्तम होते. पुढे त्याचा गुण कमी होत जातो. बाहुलीत पांढरी झाक दिसली, मग ती छायाचित्रात का असेना, तर एक आठवडाही थांबू नये. तो जन्मजात मोतीबिंदू असू शकतो, किंवा दृष्टिपटलाचा कर्करोगही असू शकतो. वेळीच उपचार झाल्यास या कर्करोगातून बहुतेक मुलांचा जीव वाचतो, आणि पुष्कळदा डोळाही.

संध्याकाळ झाली की मूल चाचपडू लागले, तर ते रातांधळेपणाचे, म्हणजेच 'अ' जीवनसत्त्वाच्या अभावाचे चिन्ह समजावे. या अभावामुळे येणारे अंधत्व रोखण्यासाठी 1970 मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. नवव्या महिन्यात गोवराच्या लसीबरोबर 'अ' जीवनसत्त्वाचा पहिला डोस आणि पुढे पाच वर्षांचे होईपर्यंत दर सहा महिन्यांनी एकेक डोस मुलांना देतात. त्याच्या जोडीला शेवगा, पालक, आंबा, पपई, दूध, अंडी ही आहारात हवीतच.

प्रौढ वयात पहिला बदल होतो तो वाचनाच्या अंतरात. वर्तमानपत्र दूर धरावे लागते. मराठीने या चष्म्याला वयावरूनच चाळिशी हे नाव दिले आहे, आणि ते अचूक आहे; नेत्रभिंगाची लवचीकता कमी होणे हा रोग नव्हे. मात्र चाळिशी घेण्यासाठी तपासणी करून घ्यावी, कारण खरा चोर बहुधा त्याच तपासणीत सापडतो.

मोतीबिंदू आणि काचबिंदू ही जोडनावे ऐकून दोन्ही विकार भाऊ-भाऊ वाटतात, आणि इथेच घात होतो. मोतीबिंदूत नेत्रभिंग गढूळ होते. ते काढले की दृष्टी परत येते. पूर्वी भिंग काढल्यावर जाड चष्म्यावर भागवावे लागे, म्हणून मोतीबिंदू पिकेपर्यंत थांबण्याचा सल्ला मिळे. 1949 मध्ये लंडनमध्ये हॅरोल्ड रिडली यांनी डोळ्याच्या आतच कृत्रिम भिंग बसवले. 1992 पासून मदुरईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाशी संलग्न संस्था अशी भिंगे अल्प दरात बनवू लागली. आता पिकण्याची वाट पाहण्याचे कारण उरलेले नाही. दैनंदिन कामात अडचण येऊ लागली की शस्त्रक्रिया करावी.

काचबिंदूची गोष्ट निराळी. त्यात डोळ्याकडून मेंदूकडे जाणारा दृष्टीचा मज्जातंतू हळूहळू सुकत जातो. प्रथम कडेचे दिसणे कमी होते. समोरचे अक्षर स्पष्टच दिसत असल्यामुळे रोग्याला काही कळत नाही. क्वचित तो एकाएकी ठणका, लाली, दिव्यांभोवती रंगीत वलये आणि ओकारी घेऊन येतो; पण बहुधा तो मूकच असतो. मज्जातंतूचा जो भाग गेला तो परत येत नाही. जो उरला, तो थेंबांनी किंवा शस्त्रक्रियेने जपता येतो. "बिंदू आहे, पिकू द्या" हा मोतीबिंदूचा जुना सल्ला काचबिंदूला लावला, तर माणूस आंधळा होईपर्यंत थांबतो. म्हणून चाळिशीनंतर, आणि आई-वडील किंवा भावंडे यांपैकी कोणाला काचबिंदू असल्यास त्याही आधी, डोळ्याचा दाब व मज्जातंतू तपासून घ्यावा. मधुमेह असलेल्यांनी, दिसत असो वा नसो, दरवर्षी बाहुली मोठी करून दृष्टिपटल पाहून घ्यावे. तेथील रक्तवाहिन्या नजर मंदावण्यापूर्वीच झिरपू लागलेल्या असतात.

डोळ्यांत तेल घालून एखादी गोष्ट जपावी असे आपण म्हणतो. खरे तेल, मध किंवा काजळ डोळ्यांत घालू नये. पण त्या वाक्प्रचारात जी सावधता सांगितली आहे ती डोळ्यांच्या बाबतीतच आपण कमी दाखवतो. तेव्हा घरी गेल्यावर एवढे करावे. मुलाचा एकेक डोळा झाकून त्याला भिंतीवरच्या दिनदर्शिकेतील अंक वाचायला सांगावे, आणि नंतर स्वतःही तसेच करून पाहावे. एका डोळ्याने कमी दिसते असे आढळले, तर दुखण्याची वाट न पाहता नेत्रतज्ज्ञाकडे जावे. दोन्ही डोळ्यांनी सारखेच दिसले, तरी काचबिंदू या परीक्षेत सापडत नाही, म्हणून वर सांगितलेल्या तपासण्या चुकवू नयेत.