शस्त्रवैद्याचे यांत्रिक हात
(वार्षिक संमेलनातील भाषण)



स्तनाच्या कर्करोगाविषयी एका वृद्ध शिक्षकाने व्यासपीठावरून बोलावे, हे काहींना रुचणार नाही. परंतु संकोचापायी गाठ लपविली जाते आणि तेवढ्या अवधीत रोग वाढतो, म्हणून बोलतो.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत हॉल्स्टेड यांनी संपूर्ण स्तन, छातीचे स्नायू व काखेतील ग्रंथी काढून टाकण्याची शस्त्रक्रिया रूढ केली. पुढे कित्येक दशके तोच प्रघात राहिला. इटलीतील मिलान येथे वेरोनेसी यांनी १९७३ पासून लहान गाठ असलेल्या ७०१ स्त्रियांचे दोन गट पाडले. एका गटात जुनी शस्त्रक्रिया, दुसऱ्यात स्तनाचा केवळ बाधित भाग काढून किरणोपचार. वीस वर्षांचा हिशेब २००२ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा दोन्ही गटांतील जगण्याचे प्रमाण सारखेच निघाले.

तथापि काहींचा संपूर्ण स्तन काढावाच लागतो. त्यांच्यासाठी मिलानमध्येच टोएस्का यांनी २०१५ च्या सुमारास यंत्रमानवाचे साहाय्य घेतले. हा शब्द मात्र फसवा आहे; यंत्र आपल्या बुद्धीने काहीच करीत नाही. शस्त्रवैद्य काही पावलांवर बसून भिंगातून पाहतो. त्याच्या बोटांची हालचाल, हाताचा कंप गाळून, बारीक उपकरणांकडे पोचते. काखेजवळ लहानशी चीर घेतात, त्वचेखाली कार्बन डायऑक्साइड वायू भरून जागा करतात आणि त्वचा व स्तनाग्र राखून आतील ग्रंथी काढतात. छातीवर दर्शनी व्रण राहत नाही. हा लाभ क्षुल्लक मानणाऱ्या पुरुषांशी मी सहमत नाही.

परंतु दुसरी बाजूही पाहावी. तेथीलच ८० स्त्रियांच्या तुलनेत या रीतीस ७८ मिनिटे अधिक लागली. गुंतागुंत दोन्हीकडे सारखीच, समाधान मात्र हिच्यात अधिक आढळले. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०१९ मध्ये इशारा दिला की, कर्करोगात या यंत्राची सुरक्षितता सिद्ध झालेली नाही. म्हणून कोणी हा उपाय सुचविल्यास रोग पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण, शस्त्रवैद्याचा अनुभव आणि खर्च या तिन्ही गोष्टी निःसंकोच विचाराव्यात.

मुंबईत टाटा रुग्णालयाने १९९८ पासून दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. ज्या वस्त्यांत प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने तपासणी केली, तेथे पन्नाशीवरील स्त्रियांत या रोगाचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी आढळले. तपासणीस जाताना सुनेने सासूबाईंनाही बरोबर न्यावे.