दोमिंगोस ऑलिव्हेरा : बोलघेवड्या माणसांचा सिनेमा

ब्राझीलचा सिनेमा म्हटलं की जाणकार आधी ग्लाउबर रोशाचं नाव घेतात. भूक, दुष्काळ, बंदुका. १९६४ साली तिथं लष्करानं सत्ता बळकावली. त्या काळात सिनेमा करायचा तर तो देशाच्या दैन्याबद्दलच, असं बहुतेक तरुण दिग्दर्शकांना वाटे. अशा दिवसांत रिओचे एक इंजिनिअरिंग शिकलेले गृहस्थ चक्क प्रेमाच्या भानगडींवर हसतखेळत चित्रपट काढतात! त्यांचं नाव दोमिंगोस ऑलिव्हेरा. जन्म १९३६चा.

लेइला दिनिझ ही त्यांची सहचरी. दोघांचं बिनसलं, ती वेगळी झाली. मग यांनी 'जगातल्या साऱ्या स्त्रिया' अशा नावाचा चित्रपट लिहिला, आणि नायिका म्हणून घेतली ती लेइलालाच. तिची मनधरणी करण्यासाठीच हा सारा खटाटोप होता, असं सांगतात. पडद्यावर पाउलो नावाचा रंगेल तरुण मित्राला सांगतोय, की एका मुलीपायी आपण बाकीच्या सगळ्याजणींवर पाणी कसं सोडलं. प्रत्यक्षात ती काही परतली नाही. चित्रपट मात्र १९६६ साली ब्राझिलियाच्या महोत्सवात सर्वोत्तम ठरला आणि लेइला तारका झाली. पुढे १९७२मध्ये ऑस्ट्रेलियातल्या महोत्सवाहून मायदेशी निघालेली लेइला आपल्या दिल्लीजवळच्या विमान अपघातात गेली. वय अवघं २७.

ऑलिव्हेरा मुळात नाटककार, आणि ते लपत नाही. त्यांची माणसं अखंड बोलतात. मुलीची, मारिया मारियानाची, अडनिड्या वयातली डायरी त्यांनी रंगमंचावर आणली. पुढे त्या डायरीवर टीव्ही मालिकाही झाली. 'सेपरासोंइस', म्हणजे ताटातुटी, हाही आधी नाटक आणि मग २००२ साली चित्रपट. त्यातला उतारवयाचा नाट्यदिग्दर्शक बायकोला म्हणतो, जरा वेगळं राहून पाहू. ती खरोखरच दुसऱ्याच्या प्रेमात पडते आणि स्वारीची पाचावर धारण बसते. आधी नाकारणं, मग घासाघीस, मग संताप, शेवटी मुकाट स्वीकार. मरणाच्या दारातल्या रुग्णाच्या मनाच्या या पायऱ्या त्यांनी एका फजीत नवऱ्याला चढायला लावल्या! नवरा झालेत ते स्वतः, बायको त्यांचीच पत्नी प्रिसिला रोझेनबाउम. स्वतःची इतकी शोभा करून घ्यायला धाडस लागतं. एरवी त्यांची पात्रं स्वतःच्याच दुःखात फार रमतात, हा आक्षेप मला मान्य आहे.

पैशांसाठी ते अडून राहिले नाहीत. छोटा डिजिटल कॅमेरा, ओळखीचे नट, कुणाचं तरी घर, की झालं शूटिंग सुरू. पार्किन्सन जडला तरी काम थांबलं नाही. २०१६ साली, ऐंशीच्या उंबरठ्यावर, त्यांनी रिओच्या कोपाकबाना भागातल्या आपल्या तरुणपणीच्या फ्लॅटवर चित्रपट केला. रात्र रात्र चालणाऱ्या दारूच्या मैफली, लेखक होऊ पाहणारा इंजिनिअर आणि दाराशी येऊन ठेपलेलं १९६४. नाव काय ठेवलं, तर त्या फ्लॅटचा पत्ता : 'बाराता रिबेरो, ७१६'. ग्रामादोच्या महोत्सवात सर्वोत्तम चित्रपट आणि दिग्दर्शन, दोन्ही पुरस्कार त्यालाच मिळाले. २०१९ साली ऑलिव्हेरा रिओतच वारले. त्यांचा एकच चित्रपट पाहायचा झाला, तर मी 'सेपरासोंइस' सुचवेन.