घरचा हिशेब पोरांच्या हाती द्या

(पिंपळगाव राजा, ता. खामगाव येथील बैठकीत केलेले भाषण)

शेतकरी भावांनो, मायबहिणींनो, आणि मागे भिंतीला टेकून उभ्या असलेल्या तरुण पोरापोरींनो,

भावाचा आणि कर्जाचा विषय आजच्या बैठकीत आहेच. त्याआधी थोडा वेळ आम्ही संगणकासाठी मागून घेत आहोत. शेतकऱ्यांच्या बैठकीत हे काय काढले, असे कोणाला वाटेल. बोलणे पुरे होईपर्यंत धीर धरा, कारण हा विषय शेवटी भावापाशीच जातो.

आज आपल्या घराघरांत एक प्रमाणपत्र आहे. महाराष्ट्र ज्ञान महामंडळ २००१ साली निघाले आणि त्याचा एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम गावोगाव पोचला. सरकारी नोकरीच्या जाहिरातीत संगणकाची अर्हता म्हणून ते प्रमाणपत्र मागतात, लिपिकाच्या जागेला टंकलेखनाचे वेगळे मागतात. म्हणून बापाने सोयाबीन विकून फी भरली, पोरगा पास झाला, कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून पेटीत ठेवला. अभ्यासक्रम वाईट आहे असे आमचे म्हणणे नाही. त्याच्यामुळे लाखो पोरांचा हात पहिल्यांदा संगणकाला लागला.

पण त्याच पोराला सांगून पाहा. ही दोनशे नावांची यादी घे, गाववार लाव, प्रत्येक गावाची बेरीज खाली आण, आणि वर चार ओळींचे पत्र लिहून दे. बहुतेक पोरे थबकतात. पोरात खोट नाही. वर्गात त्याने जे केले ते पुस्तकातले होते. कुठल्या तरी कल्पित कंपनीतल्या कल्पित नोकरांचा पगार त्याने मांडला, परीक्षेपुरता पाठ केला आणि विसरला. पुस्तक वाचून कोणी डवरा हाकायला शिकत नाही. हात बसायला वावर लागते, आणि वावर आपलेच असले तर चुकलेले तास लगेच दिसते.

म्हणून आमचे म्हणणे असे, की पोराला संगणकावर पक्के करायचे असेल तर त्याच्या पुढ्यात घरचा हिशेब टाका.

एक एकर सोयाबीन घेऊ. तक्त्यात एकेक ओळ लिहायची. बियाणे, खत, फवारणी, ट्रॅक्टरची नांगरट आणि पेरणी, सोंगणीची मजुरी, मळणी, बाजारापर्यंतचे भाडे, हमाली, तोलाई. समोर तारीख, नग, दर आणि रक्कम. समजा सगळा रोख खर्च १७,००० रुपये झाला, माल ६ क्विंटल निघाला आणि ४,२०० रुपये भावाने गेला. हे आकडे उदाहरणाचे आहेत, तुमचे तुम्ही घाला. आले २५,२०० रुपये. बाप म्हणतो, आठ हजार दोनशे सुटले. दसऱ्याला कपडे झाले, बरे झाले.

आता पोराला आणखी एक ओळ घालायला सांगा. आई किती दिवस निंदणाला गेली? बाप किती दिवस वावरात होता? दोघांचे मिळून ३३ दिवस धरा, सोपे जावे म्हणून रोज सरसकट ३०० रुपये. झाले ९,९००. तक्त्याच्या तळाशी बेरीज आपोआप बदलते आणि उणे १,७०० रुपये दिसतात. आठ हजार सुटले नव्हते. आईबापाची मजुरी बुडाली होती, आणि तिच्यातलीच थोडी परत हातात आली होती. त्या मायमाऊलीच्या अठरा दिवसांची ओळ आजपर्यंत कोणत्याच वहीत नव्हती. लेकाने किंवा लेकीने ती पहिल्यांदा लिहिली.

मग भावाच्या चौकटीत ४,२०० खोडून ५,३२८ घाला. २०२५-२६ च्या खरिपासाठी सरकारने सोयाबीनला हाच हमीभाव जाहीर केला. तळाची रक्कम झटक्यात अधिक ५,०६८ होते. आता एक शेवटची ओळ घाला, आपल्याच जमिनीचा खंड. तीच जमीन दुसऱ्याला मक्त्याने दिली असती तर समजा एकरी ८,००० आले असते. पुन्हा तळ पाहा. उणे २,९३२. हमीभाव मिळूनसुद्धा उणे.

मित्रहो, दिल्लीत कृषिमूल्य आयोग बसतो तो याच ओळींचा खेळ करतो. रोख खर्चाला त्यांनी ए-२ नाव दिले. त्यात घरच्या माणसांची मजुरी मिळवली की दुसरा आकडा होतो. स्वतःच्या जमिनीचा खंड आणि स्वतःच्या भांडवलाचे व्याज मिळवले की सी-२ होतो. २०१८-१९ च्या अर्थसंकल्पात दीडपट भावाची घोषणा झाली ती दुसऱ्या आकड्यावर, सी-२ वर नाही. सोयाबीनचा तो आकडा २०२५-२६ साठी क्विंटलला ३,५५२ रुपये धरला होता. त्याची दीडपट करा, बरोबर ५,३२८ येतात. हे भाषणात वीस वर्षे सांगितले तरी पोरांच्या डोक्यात शिरत नाही. एक ओळ पुसून आणि घालून पाहिली की शिरते. आणि ज्या पोराला हे जमले त्याला कोणत्याही कचेरीत खर्चाचे अंदाजपत्रक जड जाणार नाही, कारण यंत्राला पीक कोणते आणि कचेरी कोणती हे ठाऊक नसते.

यात आपल्याला परका असा काही धडा नाही. शरद जोशी शेतीत येण्यापूर्वी स्वित्झर्लंडमधल्या बर्न येथे विश्व टपाल संघटनेत माहितीशास्त्राचा विभाग सांभाळत होते. आकड्यांचा माणूस. चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेतली आणि पिकाचा जमाखर्च मांडला, तेव्हा शेती तोट्यात का जाते ते त्यांना वहीत दिसले. चळवळीचा पाया त्या वहीत आहे.

आणि हिशेब दुसऱ्याच्या हाती राहिला तर काय होते तेही आपल्याला ठाऊक आहे. १८७५ साली पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकरी उठले तेव्हा त्यांनी सावकारांची कर्जखते आणि चोपड्या हुडकून जाळल्या. वाचता येत नसलेल्या कागदाचे शेतकरी दुसरे काय करणार? आता चोपडी संगणकात गेली. ती जाळताही येत नाही. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी आली, पीकविमा आणि अनुदानाच्या याद्याही संगणकातच.

या याद्यांत चुका कशा होतात ते पोरांनो नीट ऐका, कारण कामावर लागल्यावर हेच तुमच्या पदरी येणार. गट नंबर १२/२ असा लिहिला की तक्त्याचे यंत्र ती तारीख समजते आणि चौकटीत फेब्रुवारी नाहीतर डिसेंबर महिना उमटतो. नुसते ७/१२ लिहा, सातबाराचीसुद्धा तारीख होते! बँकेचा खाते क्रमांक शून्याने सुरू होत असेल तर यंत्र पुढची शून्ये गिळते. क्रमांक पंधरा आकड्यांहून लांब असेल तर एक्सेल पंधराव्याच्या पुढे सरळ शून्ये भरते आणि तोंडातून अवाक्षर काढत नाही. खात्याचा एक आकडा फिरला की शेतकऱ्याचे पैसे अडकले, आणि तो तहसीलच्या पायऱ्या झिजवतो. उपाय एवढाच, की ती सबंध रांग भरण्याआधी मजकूर म्हणून ठरवून टाकायची, अंक म्हणून नाही. एका मिनिटाचे काम आहे. पण ते माहीत असलेला माणूस आणि नसलेला माणूस यांत दोनशे घरांचा फरक पडतो.

मोठ्यांच्या हातूनही होते. अमेरिकेतल्या कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या दोन नामांकित अर्थशास्त्र्यांनी २०१० साली निबंध लिहिला, की देशाचे कर्ज उत्पन्नाच्या ९० टक्क्यांवर गेले की वाढ खुंटते. अनेक देशांतल्या पुढाऱ्यांनी तो पुढे करून सरकारी खर्चाला कात्री लावण्याचे समर्थन केले. थॉमस हर्नडन नावाच्या विद्यार्थ्याला वर्गातला अभ्यास म्हणून ते गणित पुन्हा करून पाहायचे होते. जमेना, म्हणून त्याने मूळ तक्ता मागवला. वीस देशांची सरासरी काढताना सूत्र पंधरा ओळींवरच थांबले होते, पाच देश बाहेर राहिले होते. इतरही दोष निघाले. त्याने आणि त्याच्या प्राध्यापकांनी २०१३ मध्ये ते छापले. वाढ उणे ०.१ टक्का सांगितली होती, नव्याने मांडल्यावर ती अधिक २.२ टक्के निघाली. विद्यार्थ्याने केले काय? चौकटीवर बोट ठेवले आणि सूत्र कुठून कुठपर्यंत जाते ते पाहिले. विम्याच्या आणि नुकसानभरपाईच्या याद्यांत असे बोट ठेवणारी पोरे आपल्याला हवी आहेत.

पत्रलेखनाचे थोडक्यात. अर्ज मराठीत आणि युनिकोडमध्येच टाइप करायला शिका. कृतिदेवसारख्या जुन्या वळणात केलेला मजकूर दुसऱ्याच्या संगणकावर तोच फाँट नसला की अगम्य चिन्हे होऊन उघडतो. विषय, संदर्भ, मागणी, सोबत जोडलेले कागद, तारीख, एवढे एका पानात बसले पाहिजे. वर्षाला दहा अर्ज घरचे आणि शेजाऱ्यांचे लिहिले की नोकरीचा अर्ज लिहायला क्लास लागत नाही.

नोकऱ्या कुठे आहेत, असे विचाराल. सगळ्यांना तलाठी होता येणार नाही. पण २००२ च्या दुरुस्तीने कायद्यात शेतकरी उत्पादक कंपनी आली, २०२० मध्ये केंद्राने अशा दहा हजार कंपन्यांची योजना काढली. दहा शेतकरी एकत्र आले की कंपनी होते, आणि मग साठ्याची नोंद, सभासदांची यादी, वार्षिक हिशेब हे सगळे कोणी तरी ठेवावे लागते. जिनिंग, दालमिल, पतसंस्था, कृषी सेवा केंद्र यांनाही तोच माणूस लागतो. आणि हे काम गावात राहून लेकी करू शकतात. लेकीच्या हाती तक्ता द्यायला लाजू नका. घरातली आईची ओळ तीच आधी लिहील.

आता यंत्रच सगळे लिहून देते, शिकायचे कशाला, असेही कोणी म्हणतो. देते खरे. पण तुमची आई किती दिवस निंदणाला गेली हे त्याला कोण सांगणार?

संगणक नसला तरी अडत नाही. तक्ता मोबाइलवर फुकट चालतो. जुना संगणक मिळाला तर त्यावर लिबर ऑफिस टाका, त्यालाही पैसे पडत नाहीत. वीज जाते म्हणून आधी कागदावर उतरवा, मग चढवा. ती सवय वाईट नाही, दोन्ही ताडून पाहता येतात.

प्रत्येक गावाने एक मुलगा आणि एक मुलगी निवडायची, आणि त्यांनी गावातल्या पाच घरांचा या हंगामाचा तक्ता करायचा. एक घर मोठे, एक मक्त्याने करणारे, एक विधवा बाईचे, बाकी दोन कोणतीही. पेरणीपासूनच्या पावत्या, दुकानाची बिले, बाजाराची हिशेबपट्टी जपून ठेवा. ज्यांच्याकडे पावती नाही त्यांनी तोंडी आकडा सांगावा, पण त्या चौकटीला वेगळा रंग द्या, म्हणजे पक्के काय आणि अंदाजाचे काय ते कळेल. सोंगणी झाल्यावर ते सगळे तक्ते इथे आणा. एकत्र लावू, आणि क्विंटलमागे आपला खर्च किती निघतो ते आयोगाच्या आकड्याशेजारी ठेवून पाहू.