पुन्हा वरच्या पंगतीत

आम्हां सरकारी नोकरांच्या कानी 'पदावनती' हा शब्द पडला की घास घशात अडकतो. इंग्लंडातील फुटबॉल संघांवर तर हा प्रसंग दरसाल येतो. वरच्या श्रेणीतले तळाचे तीन संघ मोसमाअखेर खाली जातात. उत्पन्न आटते, चांगले खेळाडू विकावे लागतात, आणि ते गेले की परतीची वाट अधिकच लांबते. म्हणून जे साधायचे ते पहिल्याच वर्षी.

मँचेस्टर युनायटेडचेच पाहा. 1968 साली युरोपचा अजिंक्य ठरलेला हा संघ 1974 मध्ये दुसऱ्या श्रेणीत घसरला. त्यांच्याच मैदानावर मँचेस्टर सिटीसाठी टाचेने गोल मारला तो डेनिस लॉने; युनायटेडकडून अकरा वर्षे खेळलेल्या लॉने! त्या गोलानेच संघ बुडाला असे अजूनही सांगतात. ते खरे नव्हे; इतर सामन्यांच्या निकालांनी त्यांचे भवितव्य ठरलेच होते.

अशा वेळी पहिला बळी व्यवस्थापकाचा जातो. संचालकांनी मात्र टॉमी डॉकर्टी यांना ठेवून घेतले. त्यांनी हल सिटीकडून स्टुअर्ट पियर्सन हा आघाडीचा खेळाडू आणला आणि खेळाला चढाईचे वळण दिले. मला नवल वाटते ते प्रेक्षकांचे. दुसऱ्या श्रेणीतल्या त्या सामन्यांना ओल्ड ट्रॅफर्डवर सरासरी 48,000 हून अधिक माणसे लोटत (त्यांतली काही दंगाही करीत, हे सांगितले पाहिजे). वरच्या श्रेणीतल्या एकाही संघाला त्या वर्षी तेवढी गर्दी लाभली नाही. 1975 साली श्रेणीचे अजिंक्यपद घेऊनच संघ परतला.

आता खाली गेलेल्या संघांना दूरचित्रवाणीच्या उत्पन्नातून काही काळ मोठी रक्कम मिळते. तरीही 2017 साली उतरलेला संडरलँड पुढच्याच वर्षी आणखी एक पायरी घसरला. त्याला वरच्या श्रेणीत परतायला 2025 साल उजाडले.