घरची माहिती ही अमानत आहे

(संस्थेच्या वार्षिक पालक मेळाव्यात केलेले भाषण)





आपल्यातील वडीलधाऱ्यांना पत्रांचे दिवस आठवत असतील. मुंबईला सुखरूप पोहोचल्याची खबर द्यायची तर पोस्टकार्ड पुरे होई. पण पैशांची बाब, मुलीच्या सोयरिकीची बोलणी किंवा घरातील आजारपण हे सारे पाकिटात बंद होऊन जात असे. पोस्टकार्ड वाटेत कोणीही वाचू शकतो, हे आपल्या निरक्षर आईलाही ठाऊक होते. आज आपण शिकलो, मुले आपल्याहून अधिक शिकली, आणि घरातील सर्व गोष्टी आपण पोस्टकार्डावर लिहू लागलो आहोत.

फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲपचे स्टेटस ही या काळातील पोस्टकार्डे होत. फरक इतकाच की जुने पोस्टकार्ड एका वेळी एकाच्याच हाती असे. या नव्या पोस्टकार्डाची नक्कल कोणीही क्षणात करून ठेवतो. आपण मूळ मजकूर पुसला तरी ती नक्कल परत येत नाही.

मी पाहिलेला एक प्रसंग सांगतो. शिष्यवृत्तीचे अर्ज भरण्याचे दिवस होते. एका पालकाने वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर मुलीचे आधार कार्ड, बँकेचे पासबुक आणि उत्पन्नाचा दाखला असे तिन्ही फोटो टाकले व विचारले, "एवढे कागद पुरे होतील का?" प्रश्न साधा होता, उत्तर एका शिक्षकाकडून मिळाले असते. पण गटात शंभरावर माणसे होती. मुलीचे नाव, जन्मतारीख, पत्ता, खाते क्रमांक आणि बापाची मिळकत हे सर्व शंभर फोनमध्ये जाऊन बसले. अशी माहिती हाती असलेला लबाड माणूस उद्या फोन करून म्हणतो, "शिष्यवृत्ती मंजूर झाली आहे, आलेला ओटीपी सांगा." त्याने नाव, शाळा, बँक सारे अचूक सांगितल्यावर आई-बापांनी विश्वास का ठेवू नये?

बंधूंनो, ही माहिती आपल्या एकट्याची नसते, हा माझ्या बोलण्याचा मुख्य मुद्दा आहे. २०१८ साली केंब्रिज ॲनालिटिका या कंपनीचे प्रकरण जगभर गाजले. फेसबुकवर एक प्रश्नावलीचे ॲप होते. फेसबुकनेच सांगितल्याप्रमाणे भारतात ते अवघ्या ३३५ जणांनी घेतले. परंतु ज्यांची माहिती त्यातून गेली असावी अशा भारतीयांची संख्या ५,६२,४५५ पर्यंत होती. उरलेल्यांचा दोष काय? ते ॲप घेणाऱ्यांच्या मित्रयादीत होते, एवढाच. गंमत म्हणून एकाने दार उघडले आणि शेजाऱ्यांची घरे उघडी पडली.

आता आपल्या काळजाला लागलेली गोष्ट. जुलै २०२१ मध्ये आणि पुन्हा जानेवारी २०२२ मध्ये मुसलमान स्त्रियांचे समाजमाध्यमांवरील फोटो उचलून त्यांचा खोटा 'लिलाव' मांडणारी ॲप्स निघाली. त्या स्त्रियांत पत्रकार होत्या, वकील होत्या. कित्येकींनी गप्प न बसता पोलिसांत तक्रारी केल्या, आणि आरोपींना अटकही झाली.

या बातम्या आल्यावर काही घरांत मुलींच्या हातचे फोन काढून घेतले गेले. मी नम्रपणे विचारतो, चोरी झाली म्हणून शिक्षा घरधन्याला का? आजचे अभ्यासाचे साहित्य, प्रवेशाचे अर्ज, नोकरीच्या जाहिराती फोनवरच येतात. फोन काढून घेणे म्हणजे मुलीची शाळा अर्धी बंद करणे होय. शिवाय फोन जाईल या भीतीने उद्या तिला कोणी धमकावले तर ती आपल्याला सांगणारच नाही. धमकावणाऱ्याला तेच हवे असते.

मग करावे काय? आधारची प्रत मागितली तर शक्य तेथे शेवटचे चारच अंक दिसणारी 'मास्क्ड' प्रत द्यावी. कागद गटावर न टाकता संबंधित व्यक्तीलाच द्यावेत. "आम्ही सारे गावी निघालो" हे घरी परतल्यावर कळवावे. मुलांच्या फोटोत शाळेचा बिल्ला, घराची पाटी दिसते का ते पाहावे. खात्याच्या सेटिंगमध्ये जाऊन आपले फोटो कोणाला दिसावेत हे ठरवावे. हे काम मुलांनी आई-वडिलांना शेजारी बसवून शिकवावे. पैशांची फसवणूक झालीच तर विलंब न लावता १९३० या क्रमांकावर कळवावे.

विद्यार्थी मित्रांनो, मैत्रिणीचा फोटो, मित्राने विश्वासाने सांगितलेली गोष्ट, वर्गातील कोणाचे कमी गुण ही तुमच्या फोनमधील दुसऱ्याची अमानत आहे. ती पुढे पाठवण्यापूर्वी विचारा. आणि पालकहो, आपणही मुलांना विचारा. नापास झाल्याची, आजारपणाची, रडतानाची चित्रे आपण कौतुकाने किंवा रागाने टाकतो. मोठेपणी ती त्यांच्यासमोर उभी राहतात.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या खंडपीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमताने निर्णय दिला. २०२३ च्या कायद्यात १८ वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यापूर्वी कंपन्यांनी पालकांची संमती घ्यावी, अशी तरतूद आहे. कायदा कंपनीला पालकांचे दार ठोठावायला लावतो. पण बापाने मुलीला "बेटा, हा फोटो टाकू का?" असे विचारावे, हे कोणताही कायदा सांगणार नाही. ते आपल्या घरच्या तालमीतूनच यावे लागेल.

आज घरी गेल्यावर एवढा एक प्रश्न विचारून पाहा. आणि ती "नको" म्हणाली, तर तिचे ऐका.

खुदा हाफिज.