कान्हेरीची पायवाट



दिवाळीच्या सुट्टीत वस्तीतली मुले घेऊन आम्ही कान्हेरीला गेलो. कातळातले पन्हळ पाहून एका मुलीने विचारले, "हे कशाला?" पावसाचे पाणी टाक्यात नेण्यासाठी. तेथील शिलालेखांत टाक्याला 'पोढी' म्हटले आहे.

जंगलात कारवी आहे. ती आठ वर्षांनी एकदाच फुलते, बी टाकते आणि मरते. २०२४ साली फुलली. आता रोपे लहान आहेत. आडवाट काढली की ती तुडवली जातात, माती सुटते, पावसात वाहून जाते. म्हणून मुलांनी आडवाटेच्या तोंडावर वाळक्या फांद्या टाकल्या.

बस चुकेल म्हणून मीच त्या फांद्या ओलांडल्या, तर सहावीतल्या मुलाने हात धरून मागे आणले. बँकेत मला असे कोणी अडवीत नाही! पुढचा बहर २०३२ साली. तेव्हा तो कॉलेजात असेल.